नाव आणि कृपा: 'योहान' ह्या नावाविषयी काही विचार

(वाचावयाचा शास्त्रभाग: लूक १:५७–६६)

खेडोपाडीच्या आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याचा दिवस जवळ आला म्हणजे एक प्रश्न बहुधा निघतोच, तो हा की, नाव कोणते ठेवावे? प्रौढ मनुष्य नव्याने प्रभूकडे आला असेल तर तो विचारतो, "माझे पूर्वीचे नाव चालेल, की शास्त्रातले घ्यावे लागेल?" तान्हे मूल असेल तर घरात पक्ष पडतात. आजीला वाटते, नातवाने आज्याचे नाव चालवावे, उपदेशक म्हणतात, नाव शास्त्रातलेच असावे, आणि शहरात राहून आलेला काका सुचवतो, "योहान आता जुने झाले, जॉन ठेवा." कधी कधी ह्यावरून मने दुखावतात, आणि ज्या दिवशी मंडळीने आनंद करावयाचा त्याच दिवशी एखादे घर रुसून बसते. म्हणून हा प्रश्न क्षुल्लक समजून टाळू नये. नाव बदलल्याने मनुष्य बदलतो काय? ख्रिस्ती मनुष्याचे नाव शास्त्रातलेच असले पाहिजे असा देवाचा नियम आहे काय? ह्या प्रश्नांचा विचार आपण एकाच नावाच्या आधारे करू. ते नाव योहान होय.

यहूदियाच्या डोंगराळ प्रदेशात एका घरी हाच वाद एकदा झाला होता. जखऱ्या याजक व अलीशिबा ह्यांना म्हातारपणी पुत्र झाला. आठव्या दिवशी सुंतेसाठी शेजारीपाजारी व भाऊबंद जमले, आणि ते बापाच्या नावावरून मुलाचे नाव जखऱ्या ठेवू लागले. आपल्याकडे बारशाला आत्या जसा नाव ठेवण्याचा मान मागते, तसाच त्या सोयऱ्यांनी आपला मान मानला असावा. परंतु अलीशिबेने सांगितले की, मुलाचे नाव योहान ठेवावयाचे. तेव्हा त्यांनी हरकत घेतली की, तुमच्या नात्यागोत्यात ह्या नावाचा कोणी नाही. मग त्यांनी बापाला खुणावून विचारले. जखऱ्याची वाचा त्या वेळी बंद होती. त्याने पाटी मागवली आणि योहान हेच नाव लिहून दाखवले. त्याच क्षणी त्याची वाचा मोकळी झाली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, जखऱ्या हे नाव काही वाईट नव्हते. 'यहोवाने आठवण केली' असा त्याचा अर्थ आहे, आणि ते एका मोठ्या संदेष्ट्याचेही नाव होते. बापाचे नाव चालावे ही सोयऱ्यांची इच्छाही दोषास्पद नव्हती. दुसरी ही की, योहान हे नाव आईबापांनी हौसेने निवडले नव्हते. देवदूताने ते आधीच सांगून ठेवले होते (लूक १:१३). एका विशेष बालकाला एका विशेष कार्यासाठी मिळालेले ते नाव होते. त्यावरून प्रत्येक घराने आपल्या पूर्वजांचे नाव टाकून द्यावे असा नियम निघत नाही.

आता नावाचा अर्थ पाहू. इब्री भाषेत ते 'योहानान' असे आहे, आणि त्याचे पूर्ण रूप 'यहोहानान' असे होते. पहिला भाग हा 'यहोवा' ह्या पवित्र नावाचा संक्षेप होय, आणि दुसऱ्या भागाचा अर्थ 'कृपा केली' असा आहे. म्हणजे हे नाव एक संपूर्ण वाक्यच आहे: यहोवाने कृपा केली. शमुवेलाची आई हन्ना हिचे नाव ह्याच धातूपासून आले आहे. हनन्या ह्या नावात तर हेच दोन शब्द उलट क्रमाने आहेत. अहरोनी आशीर्वादात (गणना ६:२५) परमेश्वराने आपल्या लोकांवर कृपा करावी असे जे मागणे आहे, त्यातील क्रियापदही ह्याच धातूचे आहे. तो आशीर्वाद पुष्कळ मंडळ्यांत उपासनेच्या शेवटी उच्चारला जातो. त्यात जे मागितले जाते ते मिळाले, अशी साक्ष योहान हे नाव देते.

हे नाव यरुशलेमेतून निघून किती देशांत गेले आणि प्रत्येक ठिकाणी त्याने कोणता वेष घेतला, हे पाहण्यासारखे आहे. ग्रीक भाषेत शब्दाच्या मध्ये 'ह' उच्चारण्याची चाल नव्हती आणि पुरुषाच्या नावाला शेवटी 'स' लागे, म्हणून ग्रीक लोक 'इओआन्नेस' म्हणू लागले. लॅटिन भाषेत त्याचे 'योहान्नेस' झाले. जर्मन लोकांनी त्याचे 'योहान' आणि लाडाने 'हान्स' केले. हॉलंड व बोहेमिया ह्या देशांत ते 'यान' झाले. हंगेरीत 'यानोश', रशियात 'इव्हान', फ्रान्सात 'झाँ', स्पेनमध्ये 'हुआन', इटलीत 'जोव्हान्नी', आयर्लंडात 'शॉन', स्कॉटलंडात 'इयन' आणि इंग्लंडात 'जॉन' झाले. पूर्वेकडे आर्मेनियात 'होव्हान्नेस' आणि हबशी देशात 'योहन्नेस' म्हणतात. अरबी बोलणारे ख्रिस्ती लोक 'युहन्ना' म्हणतात, आणि कुराणात त्याच बाप्तिस्मा करणाऱ्याला 'यह्या' म्हटले आहे. केरळातील जुन्या सुरियानी मंडळ्यांत 'योहन्नान' व 'उलहन्नान' ही रूपे आढळतात. आपल्या शेजारी गोव्यात पोर्तुगीज भाषेच्या द्वारे हे नाव आले. तेथे २४ जून रोजी योहानाच्या जन्माचा सण 'सांजांव' म्हणून पाळतात, आणि मरीयेच्या अभिवादनाने अलीशिबेच्या उदरातील बालकाने उडी मारली ह्याची आठवण म्हणून तरुण लोक डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. स्त्रियांतही हे नाव आहे. प्रभूची सेवा करणारी आणि उघड्या कबरेची बातमी प्रेषितांस सांगणारी योहान्ना (लूक ८:३, २४:१०) ही ह्याच नावाची होती.

ह्या प्रवासावरून पहिला धडा असा मिळतो की, कोणत्याही राष्ट्राने हे नाव परक्या उच्चाराने जपून ठेवले नाही. ज्याच्या जिभेला जसे वळले तसे त्याने ते आपलेसे केले, आणि अर्थाची हानी झाली नाही. म्हणून जॉन म्हटले म्हणजे नाव अधिक ख्रिस्ती झाले, असे ज्यांस वाटते त्यांची समजूत चुकीची आहे. इंग्रजांचा 'जॉन' हा त्यांच्या भाषेचा वेष आहे. तो त्यांस शोभतो. परंतु आपल्या मराठी शास्त्रातील 'योहान' ह्या रूपात इब्री नावाचे 'य' आणि 'ह' हे दोन्ही वर्ण अजून ऐकू येतात. मुलाला योहान म्हणून हाक मारणारी खेड्यातील माता मूळ नावाच्या अधिक जवळ आहे. तिने त्याची लाज का बाळगावी?

इब्री नावे मराठी जिभेवर रुळू शकतात, हे मिशनरी येण्यापूर्वीच आपल्या देशात दिसून आले होते. कोकणातील बेने इस्राएल लोक हे धर्माने यहूदी. तेलाचे घाणे चालवून ते उपजीविका करीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. त्यांनी शमुवेलाचे 'सामाजी' आणि यहेज्केलाचे 'हसाजी' केले, आणि गावांवरून दिवेकर, केहिमकर अशी आडनावे घेतली. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान ज्यांनी बांधले ते शमुवेल यहेज्केल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. नाव मराठी झाले म्हणून त्यांनी आपल्या पूर्वजांच्या देवाला सोडले नाही.

दुसरा प्रश्न हा की, चांगल्या नावाने मनुष्य चांगला होतो काय? शास्त्रच ह्याचे उत्तर देते. यिर्मया संदेष्ट्याच्या काळी कारेहाचा पुत्र योहानान हा सरदार होता. त्याने गदल्याला घातकी मनुष्याविषयी वेळेवर सूचना दिली, हे त्याचे चांगले काम होय. परंतु पुढे त्याने देवाचे वचन संदेष्ट्याच्या मुखाने मागवले, आणि ते आपल्या मनासारखे आले नाही असे पाहून ते मोडले व उरलेल्या लोकांना मिसरात नेले (यिर्मया ४०–४३). 'यहोवाने कृपा केली' असे नाव धारण करणाऱ्याने यहोवाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. तसेच प्रेषितांची कृत्ये ४:६ हे वचन वाचावे. पेत्र आणि योहान ह्यांना न्यायासाठी उभे केले तेव्हा प्रमुख याजकाच्या घराण्यातील जे लोक न्याय करावयास बसले, त्यांतही एक योहान होता. एकच नाव न्यायासनावर बसले होते आणि तेच नाव आरोपी म्हणून समोर उभे होते.

मंडळीच्या इतिहासातही असेच घडले. १४१४ साली कॉन्स्टन्स नगरात मोठी धर्मसभा भरली. ती बोलावणाऱ्याने पोप म्हणून योहान हे नाव घेतले होते. पुढे त्या सभेनेच त्याला पदच्युत केले. त्याच सभेने बोहेमियाचा उपदेशक यान हुस ह्याला दोषी ठरवले, आणि ६ जुलै १४१५ रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले. इंग्लंडातील जॉन विक्लिफ १३८४ सालीच मरण पावला होता, तरी त्याच सभेने त्याची हाडे उकरून काढावी असे ठरवले. तिघांचेही नाव योहानच! आणि रशियाचा राजा भयंकर इव्हान ह्याने १५८१ साली रागाच्या भरात आपल्या पुत्राचा प्राण घेतला. त्या पुत्राचेही नाव इव्हान होते. पित्याने पुत्राला कृपेचे नाव दिले आणि त्याच हाताने त्याला मारले. ह्यावरून उघड होते की, नावात तारण्याची शक्ती नाही. कृपा देवापासून येते. नाव तिची केवळ आठवण देते, आणि जो आठवण ठेवीत नाही त्याच्याविरुद्ध ते नावच साक्ष देते.

तिसरा प्रश्न आपल्या मंडळ्यांत अधिक महत्त्वाचा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी जुने नाव टाकलेच पाहिजे काय? पुष्कळांस वाटते की, शौलाचा बाप्तिस्मा होऊन तो पौल झाला. परंतु प्रेषितांच्या कृत्यांच्या ९ व्या अध्यायात त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि १३ व्या अध्यायापर्यंत त्याला शौलच म्हटले आहे. तेथे त्याला पौलही म्हणत एवढेच सांगितले आहे. इब्री लोकांत शौल आणि रोमी लोकांत पौल, अशी त्याची दोन नावे होती. अपुल्लोस ह्याचे नाव अपोल्लो ह्या ग्रीक देवावरून आले होते, आणि एपफ्रदीत ह्याचे नाव अफ्रोदिती ह्या देवीवरून. त्यांनी ती बदलल्याचे कोठेही लिहिलेले नाही. ह्याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट हेर्मेस ह्या नावाची आहे. लुस्त्र नगरात लोकांनी पौलाला हेर्मेस देव समजून यज्ञ करण्याची तयारी केली, तेव्हा त्याने दुःखाने आपली वस्त्रे फाडली (प्रे. कृ. १४:१२–१५). परंतु रोम येथील मंडळीत हेर्मेस नावाचा एक बंधु होता, त्याला पौलाने इतर बंधूंबरोबर प्रेमाने सलाम पाठवला (रोम. १६:१४). म्हणजे मूर्तीच्या पूजेशी त्याने यत्किंचितही तडजोड केली नाही, आणि बंधूच्या नावाला यत्किंचितही हरकत घेतली नाही. हा भेद प्रत्येक उपदेशकाने मनात ठेवावा.

पुढील शतकांत शास्त्रातील नावे ठेवण्याची चाल हळूहळू वाढली. अंत्युखियात उपदेश करणारा योहान, ज्याला त्याच्या वक्तृत्वामुळे सुवर्णमुख म्हणत आणि जो ४०७ साली मरण पावला, त्याच्या काळी काही लोक पुष्कळ दिवे लावून प्रत्येक दिव्याला एक नाव देत, आणि जो दिवा सर्वांत अधिक वेळ जळे त्याचे नाव मुलाला आयुष्य वाढावे म्हणून ठेवीत. त्याने ह्या चालीचा निषेध केला आणि आईबापांस सांगितले की, मुलांस धार्मिक पुरुषांची नावे द्यावी. ५३३ साली रोमच्या मंडळीचा जो मुख्य अध्यक्ष झाला त्याचे नाव मर्क्युरिउस होते. हे रोमी देवाचे नाव असल्यामुळे त्याने ते बदलून योहान घेतले, आणि त्या पदावर येताना नाव बदलणारा तोच पहिला समजला जातो. सुवर्णमुखाचा सल्ला चांगला आहे. परंतु चांगला सल्ला ही एक गोष्ट आणि देवाची आज्ञा ही दुसरी गोष्ट.

महाराष्ट्रातील आपल्या पूर्वजांनीही हा भेद जाणला होता. १८९५ साली बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक ह्यांच्या नावातील नारायण आणि वामन ही दोन्ही नावे विष्णूची आहेत. तथापि त्यांची गीते गाताना कोणाच्या मनाला खटका बसत नाही. नीळकंठशास्त्री गोऱ्हे ह्यांनी १८४८ साली बाप्तिस्मा घेतला आणि नहेम्या हे नाव धारण केले, पण नीळकंठही टाकले नाही. हरिपंत खिस्ती हे हरिपंतच राहिले, आणि १८६२ साली अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे त्यांना कन्या झाली तिचे नाव कृपा ठेवले. ह्याच कृपाबाई सत्यनाथन पुढे लेखिका म्हणून प्रसिद्ध झाल्या. विचार करावा की, योहान आणि कृपा ह्या दोन नावांत अर्थाचे अंतर ते किती? एकाने इब्री शब्द मराठी जिभेवर आणला, दुसऱ्याने तोच अर्थ आपल्या भाषेत सांगितला. नथनेल आणि देवदत्त ह्यांचेही तसेच आहे.

परंतु येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करू नये. आपल्यातील पुष्कळांना जुने नाव टाकावेसे वाटते ते मूर्तीच्या भीतीने नव्हे, तर त्या नावाला चिकटलेल्या तुच्छतेमुळे. ज्या घरी मुले जगत नसत तेथे दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरू, कचरू अशी नावे ठेवीत. शिवाय गावातील मोठे म्हणवणारे लोक गरिबाला दगड्या, धोंड्या असे हाकारीत. असा मनुष्य प्रभूकडे येतो आणि म्हणतो, "मला नवे नाव द्या," तेव्हा त्याच्या मागणीत मानाची भूक असते. ती भूक खोटी नाही, आणि कोणी पाळकाने तिला हसू नये. त्याला आनंदाने नवे नाव द्यावे. परंतु दगडू हेच नाव ठेवू इच्छिणाऱ्याला हेही सांगावे की, प्रभूने शिमोनाला केफा म्हटले आणि त्याचेच ग्रीक रूप पेत्र झाले; त्याचा अर्थ खडक, म्हणजे दगडच! आईबापांनी भीतीने जे नाव ठेवले, तेच प्रभूने प्रीतीने आपल्या शिष्याला दिले. नावाची लाज शब्दात नव्हती, हाक मारणाऱ्याच्या मनात होती.

आणि म्हणूनच नवे नाव दिल्याने काम संपत नाही. कालचा धोंड्या आज योहान झाला, आणि गावाने उद्या त्याला 'योहान्या' म्हणून हाक मारली, तर काय झाले? गाव कसे बोलते हे आपल्या हाती नाही, परंतु मंडळी कशी बोलते हे आहे. प्रार्थनामंदिराच्या दारात एखादा वडील आपल्याहून गरीब बंधूला 'योहान्या' म्हणत असेल, तर त्या मंडळीत शास्त्रातील नावे आहेत पण शास्त्र नाही. योहानराव, योहानभाऊ, योहानदादा असे म्हणावयास काही खर्च लागत नाही. ज्याच्यावर देवाने कृपा केली असे आपण त्याच्या नावानेच कबूल करतो, त्याला तुच्छतेने हाक कशी मारावी?

काहींची नावे दोन असतात. शाळेच्या दाखल्यावर एक आणि मंडळीच्या नोंदवहीत दुसरे. दोन नावे असणे हे पाप नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत ज्याला मार्क म्हणत त्या योहानाची दोन होती, आणि दानिएलाला बाबेलच्या राजवाड्यात बेल्टशस्सर म्हणत. परंतु दानिएलाने त्या नावाचा आडोसा करून आपली प्रार्थनेची खिडकी बंद केली नाही. नावे कितीही असोत, विश्वासाविषयी विचारले असता उत्तर एकच असावे.

तर मग, प्रिय उपदेशक बंधूंनो, नाव ठेवताना पुढील गोष्टी सांभाळाव्या. शास्त्रातील नाव सुचवावे, परंतु त्याचा अर्थ आईबापांस व मूल मोठे झाल्यावर मुलालाही समजावून सांगावा. अर्थ न कळलेले नाव बंद पेटीसारखे आहे. नाव आपल्या भाषेच्या रूपात ठेवावे. कोणाला आज्याचे नाव चालवावयाचे असेल तर आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आठवून त्यास अडवू नये. आणि आपल्या रीतीप्रमाणे मुलाच्या नावापुढे बापाचे नाव येतेच. नोंदवहीत जेथे 'योहान दगडू' असे लिहिले जाते, तेथे बापाचा मान आणि देवाची कृपा ही दोन्ही एका ओळीत उभी राहतात. आजीने त्यात समाधान मानावे, आणि उपदेशकानेही.

सर्वांत मुख्य हे की, जे नाव 'यहोवाने कृपा केली' असे सांगते, ते नियमाच्या जोराने कोणावर लादू नये. लादलेली कृपा ही कृपा राहत नाही. जखऱ्याने ते नाव पाटीवर लिहिले तेव्हा त्याची वाचा स्तुतीसाठी मोकळी झाली. आपण नाव ठेवण्याच्या निमित्ताने घराघरांत अबोला आणला, तर आपण योहान हे नाव ठेवले खरे, पण त्याचा अर्थ विसरलो.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावांनी हाक मारतो (योहान १०:३). त्याच्या हाकेत कोणते नाव येईल, इब्री की मराठी, ह्याची काळजी करू नये. तो प्रत्येकाला त्याच्या ओळखीच्या नावानेच हाक मारील. आपण एवढेच पाहावे की, ती हाक आली असता आपण ओळखून उत्तर देणारे असावे. तशी कृपा प्रभु आपणा सर्वांवर करो.